छोट्या संस्थेचा निधी कसा उभा करायचा: चाळीस मुलांच्या हंगामी वसतिगृहाचा हिशोब मांडून

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या कितीतरी दारांना कुलूप लागतं. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, त्यामुळे ऊसतोडीला निघावंच लागतं. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. आईबापांबरोबर मूल उसाच्या फडावर गेलं की त्याची शाळा सुटते आणि मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड येतं. हे टळावं म्हणून गावातच मुलांची राहण्या-जेवणाची सोय केली जाते, तेच हंगामी वसतिगृह. काही ठिकाणी ते सरकारी योजनेतून शाळा व्यवस्थापन समिती चालवते, तर काही ठिकाणी गावातलीच चार माणसं एकत्र येऊन छोटी संस्था काढतात आणि स्वतःच्या हिमतीवर चालवतात.

अशी माणसं कामाला वाघ असतात, पण पैसे मागायची वेळ आली की त्यांची जीभ अडखळते. मग एखाद्या मोठ्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, मिळेल, एखादा मोठा दाता भेटेल, या आशेवर दोन-दोन वर्षं जातात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या संस्थेचा वर्षाचा खर्च दहा लाखांच्या आत आहे, तिनं आधी शंभर ओळखीची माणसं जोडावीत. मोठा दाता त्यानंतर. शंभरांतले दहा गळाले तरी वसतिगृह चालतं. एकच दाता होता आणि तोच गळाला तर मुलं फडावर जातात.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी वर्षाला एक पैसा या हिशोबानं पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बायका रोजच्या दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढत. आजच्या छोट्या संस्थेलाही हाच रस्ता धरायचा आहे, फक्त हातात वहीबरोबर फोन आहे.

पहिली पायरी: एका मुलाचा खर्च काढा

'आम्हाला मदत करा' या वाक्यावर कोणी पैसे देत नाही, कारण ऐकणाऱ्याला किती द्यायचे तेच कळत नाही. म्हणून आधी कागद-पेन घेऊन बसा. समजा चाळीस मुलं आहेत आणि हंगाम १८० दिवसांचा आहे. आकडे तुमच्या गावच्या भावानं बदला, मांडणी अशीच ठेवा.

जेवण-नाश्ता रोजचे ६० रुपये धरले तर एका मुलाचे १०,८०० रुपये होतात. स्वयंपाकाच्या दोन मावशींना महिना प्रत्येकी ८,००० रुपये मानधन दिलं, तर सहा महिन्यांचे ९६,००० आणि मुलामागे २,४००. मुक्कामी राहणाऱ्या शिक्षकाचं मानधन महिना १२,००० धरून मुलामागे १,८००. जागेचं भाडं, वीज आणि टँकर मिळून महिना ८,००० धरले तर मुलामागे १,२००. औषधं, साबण, तेल, वह्या यांचे आणखी १,२००. राहिला कार्यालयीन खर्च. ऑडिट, हिशोबनीस, फोन, प्रवास मिळून २४,००० रुपये, म्हणजे मुलामागे ६००.

बेरीज १८,००० रुपये. म्हणजे एका मुलाचा महिना ३,००० रुपयांत होतो, एक दिवस १०० रुपयांत. चाळीस मुलांचा अख्खा हंगाम ७ लाख २० हजारांत.

यातले शेवटचे ६०० रुपये बऱ्याच संस्था लपवतात. 'आमचा प्रशासकीय खर्च शून्य' असं अभिमानानं सांगतात आणि मग ऑडिटरची फी कार्यकर्त्याच्या खिशातून जाते. लपवू नका. हिशोब नीट ठेवायला पैसे लागतात हे दात्याला समजतं. तोही कुठेतरी नोकरी-धंदा करतो.

दुसरी पायरी: कागद जाग्यावर आहेत ना?

महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या संस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. नोंदणी झालेलीच नसेल, तर त्याच १९५०च्या कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घेतल्याशिवाय लोकांकडून पैसे गोळा करू नका. गणेश मंडळं वर्गणीसाठी हीच परवानगी काढतात.

नोंदणी आहे, पण विश्वस्तांची यादी जुनीच आहे, ही दुखरी जागा सगळीकडे सापडते. एखादे विश्वस्त वारले, कोणी राजीनामा दिला, तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल व्हायला हवा. तो राहून गेला की बँक खातं चालवताना अडतं आणि कंपनीचा माणूस कागद तपासायला आला की तिथंच थांबतो. निधीची मोहीम काढण्याआधी हे काम उरका.

त्यानंतर आयकराचं. संस्थेच्या उत्पन्नाला करसूट मिळण्यासाठी १२एबीची नोंदणी लागते आणि देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून ८०जी. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती नोंदणी मिळते. ती कायम होते तेव्हाही तिला मुदत असते, म्हणून शेवटची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. लोकांच्या तोंडी अजून ८०जीच आहे. कोणतं विवरणपत्र कोणत्या नावानं भरायचं हे दरवर्षी सीएला विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. नव्या करपद्धतीत देणगीची ही वजावट व्यक्तीला मिळत नाही, आणि आता बहुतेक पगारदार त्याच पद्धतीत आहेत. जुन्या पद्धतीतही साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेचीच वजावट मिळते आणि तिलाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. तेव्हा 'कर वाचवा' या आवाहनावर मोहीम उभारू नका.

तिसरी पायरी: वही काढा आणि नावं लिहा

कार्यकारिणीच्या सातही जणांनी आपापला फोन उघडायचा आणि वरपासून खालपर्यंत नावं वाचायची. कोण तुमचा फोन उचलेल? फक्त तेवढीच नावं वहीत. गावातून पुण्या-मुंबईला गेलेली, पिंपरी-चिंचवडला कंपनीत लागलेली, शाळेतली दहावीची बॅच, निवृत्त शिक्षक, तालुक्याच्या गावचे डॉक्टर, औषध दुकानदार, कृषी सेवा केंद्रवाले, आडते. एका बैठकीत तीनशे नावं सहज निघतात.

प्रत्येक नावापुढे रकाने आखा: फोन, गाव, कोणाच्या ओळखीतून, आधी काय दिलं, कशानिमित्त दिलं, शेवटचं बोलणं कधी झालं. ही वही पुढे संगणकावर न्या, पण सुरुवात कागदावरच करा. सगळे एकत्र बसतात तेव्हा 'अरे, त्याच्या बहिणीनं गेल्या साली विचारलं होतं' अशी माहिती बाहेर येते, ती एकट्यानं टाईप करताना येत नाही.

आता ७ लाख २० हजारांची फोड करा. १५ जणांनी एकेका मुलाचा पूर्ण हंगाम उचलला तर २,७०,००० होतात. ५० जणांनी एका मुलाचा एक महिना दिला तर १,५०,०००. ३० जणांनी वर्षभर महिना ५०० रुपये लावले तर १,८०,०००. धान्य, डाळी, तेल अशा रूपात ८०,०००चं सामान आणि शंभर-शंभर रुपयांच्या छोट्या देणग्यांतून ४०,०००. बेरीज जुळली. मोठ्या आणि नियमित दात्यांची संख्या झाली अवघी ९५. त्यासाठी तिप्पट माणसांशी बोलावं लागेल, म्हणूनच तीनशे नावं.

महिना ५०० देणाऱ्या तीस जणांवर सर्वांत जास्त मेहनत घ्या. एकदम १८,००० देणारा पुढच्या वर्षी घर बांधायला काढतो, मुलीचं लग्न काढतो. महिन्याला ५०० देणाऱ्याचं सहसा चालू राहतं, आणि त्याच्यामुळे हंगाम नसतानाही ऑडिटची फी आणि जागेचं भाडं निघतं.

चौथी पायरी: मागणं

आधी मेसेज टाकून मोकळे होऊ नका. आधी फोन, मग मेसेज. फोनवर दोन-तीन मिनिटांत काम सांगा, आकडा सांगा आणि गप्प बसा. समोरच्याला विचार करायला वेळ द्या. 'तुम्हाला जमेल तेवढं द्या' हे वाक्य नम्र वाटतं, पण त्यानं समोरचा अवघडतो. त्यापेक्षा 'एका मुलाचा एक महिना तुमच्याकडे घ्याल का? तीन हजार होतात' असं सरळ विचारा. नाही म्हणाला तर 'काही हरकत नाही, एकदा येऊन बघून जा' एवढंच म्हणा.

फोननंतर लगेच जाणारा मेसेज असा असू शकतो:

'नमस्कार ताई, आत्ता बोललो त्याप्रमाणे. आपल्या गावातली ४० मुलं यंदा आईवडील ऊसतोडीला गेल्यावर गावातच राहून शाळेत जाणार आहेत. एका मुलाचा महिन्याचा खर्च ३,००० रुपये आहे. खर्चाचा तपशील आणि संस्थेच्या खात्याचा क्यूआर सोबत पाठवतो. पैसे पाठवल्यावर पावतीसाठी पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन कळवा. कोणत्याही रविवारी मुलांबरोबर जेवायला या.'

यात हात पसरणं नाही आणि रडगाणंही नाही. जेवायला येण्याचं आमंत्रण मनापासून द्या. आलेला माणूस बहुधा दाता होऊनच परततो.

पाचवी पायरी: पैसे येण्याची वाट आणि पावती

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. सचिवांच्या वैयक्तिक फोनवर पैसे घेतले की सगळं प्रामाणिक असूनही हिशोबात गाठ पडते आणि गावात कुजबुज सुरू होते. दरमहा देणाऱ्यांना बँकेची स्थायी सूचना किंवा यूपीआय ऑटोपे लावून द्या. ज्येष्ठ मंडळींना जमत नसेल तर कार्यकर्त्यानं घरी जाऊन, त्यांच्याच हातानं, समोर बसून लावून द्यावं.

रोख घ्यावी लागते, गावात टळत नाही. मात्र २,०००च्या वर रोख दिली तर दात्याला वजावट मिळत नाही, हे पैसे घेतानाच सांगा. दानपेटी ठेवली असेल तर निनावी रकमेवर लक्ष ठेवा. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतली जी रक्कम मोठी असेल तिच्या वर गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो.

पावती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी गेली पाहिजे, पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर. नाव पॅन कार्डावर आहे तसंच लिहा. वर्षभराच्या देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरून दात्यांना प्रमाणपत्र देण्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३१ मेपर्यंत असते. आजवरच्या पद्धतीत हा १०बीडी फॉर्म, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. ज्यांनी पावत्या वर्षभर नीट भरल्या, त्यांचं हे काम एका दुपारी होतं. ज्यांनी पॅन घेतलेच नाहीत, ते मे महिनाभर फोन करत बसतात.

पावतीबरोबर दोन ओळी हातानं लिहून त्याचा फोटो पाठवा: 'तुमच्या तीन हजारांतून सातवीतल्या एका मुलीचा जानेवारी महिना भागला.' या दोन ओळी दाता जपून ठेवतो, पुढे पाठवतो. इतकी परिणामकारक जाहिरात छोट्या संस्थेला दुसरी कुठलीही परवडत नाही.

सहावी पायरी: लोकांना तुम्ही माहीत कसे व्हाल?

संकेतस्थळावर आधीच पन्नास हजार घालू नका. एक साधं पान पुरे: संस्था काय करते, नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं, एका मुलाचा खर्च, गेल्या वर्षीचा ताळेबंद, फोन नंबर. गुगल नकाशावर वसतिगृहाची जागा टाका. पत्रकं करायला कॅनव्हा संस्थांना मोफत मिळतं, त्यासाठी अर्ज करा.

खरं काम व्हॉट्सॲपवर होतं. दात्यांचा ग्रुप करू नका. कोणाचा कितवा वाढदिवस, कोणाचं सुप्रभात, यातच तो बुडतो. ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून फोनवर बोलतानाच 'हा नंबर सेव्ह करून ठेवा' असं सांगायचं. महिन्यातून एकच मेसेज: एक फोटो, पाच-सहा ओळी, एक आकडा. उदाहरणार्थ, 'या महिन्यात ४० पैकी ३८ मुलं एकही दिवस शाळा न बुडवता गेली. दोघांना ताप होता, आता बरी आहेत.' पैसे मागणारा मेसेज वर्षातून तीनदा, बाकीचे नुसती खबर देणारे.

फोटोबद्दल मला फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. फाटका सदरा, वाहतं नाक, डोळ्यांत पाणी असे फोटो काढून पैसे लवकर येतात हे खरं. पण तेच मूल उद्या कॉलेजात जाईल आणि तो फोटो त्याच्या फोनवर येईल. अडचणीतल्या मुलाला आपली लाज वाटेल असं काहीही आपण करायचं नाही. पालक हंगामाला जाण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या, मोठ्या मुलांना स्वतःला विचारा. ज्या मुलांचं प्रकरण बालकल्याण समितीपुढे आहे, त्यांची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४नं बंदी आहे. फोटो हवेतच तर कामाचे काढा: भाकरी थापणारे हात, रात्रीच्या अभ्यासाला ओळीत बसलेली मुलं पाठीमागून, भिंतीवर मुलांनीच लिहिलेला आठवड्याचा जेवणाचा तक्ता.

वर्तमानपत्रांना कमी लेखू नका. तालुक्याच्या वार्ताहराला घेऊन या, बातमी तयार करून द्या, आकडे बरोबर द्या. 'लोकसत्ता' २०११पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमात दरवर्षी दहा संस्थांची ओळख करून देतं आणि वाचक त्या संस्थांच्या नावे धनादेश पाठवतात. तिथवर पोचायला काम आणि हिशोब दोन्ही चोख लागतात, पण आपल्या संस्थेची दोन पानी माहिती कायम तयार ठेवायला काय हरकत आहे?

केटो, मिलाप यांसारखी देणगीची व्यासपीठं एखाद्या ठरावीक गरजेसाठी चांगली: पाण्याची टाकी, सौर दिवे, आजारी मुलाचा उपचार. रोजच्या भाजी-भाकरीसाठी त्यांवर विसंबू नका. तिथंही पहिले पैसे तुमच्याच ओळखीच्या माणसांकडून यावे लागतात. रिकामं पान पाहून परका माणूस देत नाही. किती शुल्क कापतात ते आधी वाचा.

सातवी पायरी: ऊसतोडीच्या हंगामाप्रमाणे मागण्याचा हंगाम

बहुतेक संस्था मार्चमध्ये जाग्या होतात. पण तुमची मुलं नोव्हेंबरपासून जेवणार आहेत. म्हणून मागणं पावसाळ्यात सुरू झालं पाहिजे. आषाढात वही काढा, श्रावणात फोन. गणेशोत्सवात तालुक्यातल्या मंडळांना भेटून आरास-मिरवणुकीतला थोडा वाटा मुलांच्या धान्यासाठी मागा.

पितृपक्ष हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा पंधरवडा. आईवडिलांच्या तिथीला कोणाच्या तरी पोटात चार घास जावेत ही इच्छा घरोघरी असते. 'सगळ्या मुलांचं एका दिवसाचं जेवण २,४०० रुपये' हे पत्रक तेव्हा हातात द्या. त्या वेळी वसतिगृह सुरू झालेलं नसतं, हे मात्र स्पष्ट सांगा, आणि हंगामातली एक तारीख त्यांच्या आईवडिलांच्या नावे राखून ठेवा. त्या दिवशी फळ्यावर नाव लिहा आणि फोटो पाठवा.

२ ते ८ ऑक्टोबरला देशभर दान उत्सव असतो, त्यात शहरातल्या सोसायट्या आणि कंपन्यांचे कर्मचारी सहभागी होतात. गावाहून गेलेल्या मुलांना त्यांच्या ऑफिसात विषय काढायला सांगा. सुगी झाली की ज्वारी, तूर, हरभरा मागायला शेतकऱ्यांकडे. वाढदिवस, पंच्याहत्तरी, वास्तुशांत यांना 'हार-तुऱ्याऐवजी' पाकीट ठेवायची कल्पना आता लोकांना रुचते. हंगाम संपून पट्टा पडला की महिनाभरात सगळ्या दात्यांना हिशोबाचं एक पान.

वस्तू घेताना ठाम राहा. हव्या त्या वस्तूंची यादी नगासकट द्या: तूरडाळ, गोडेतेल, अंथरुणं, सॅनिटरी पॅड. जुने कपडे घेतले की दोन दिवस निवडण्यात जातात आणि निम्मे टाकावे लागतात. 'सध्या गरज नाही, डाळ चालेल का?' असं नम्रपणे म्हणता आलं पाहिजे.

आठवी पायरी: सीएसआर आणि परदेशातले आपले लोक

कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नक्त नफा, यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. सहसा तीन वर्षांचं काम आणि ताळेबंद पाहिले जातात. म्हणजे पहिली तीन वर्षं तुम्हाला लोकवर्गणीवरच काढायची आहेत. साखर कारखाने, औद्योगिक वसाहतीतले कारखाने यांच्याकडे जा, पण मुलांच्या जेवणासाठी नको. इमारत, सौरऊर्जा, शुद्ध पाण्याचं यंत्र यांसाठी मागा. कंपनीचा पैसा वर्षाआड थांबू शकतो, तो थांबला म्हणून चूल बंद पडता कामा नये.

परदेशातल्या देणगीत पुष्कळ संस्था नकळत अडकतात. अमेरिकेत राहणारा गावचा मुलगा अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर तो आपल्या बचतीतून, बँकेच्या रीतसर मार्गानं देणगी देऊ शकतो. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलं तरी त्याचे पैसे परकीय देणगी ठरतात. एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना ते घेता येत नाहीत, रुपयांत दिले तरी. म्हणून विचारा, संकोच करू नका: 'पासपोर्ट कुठला आहे?' उत्तर लिहून ठेवा. एफसीआरएसाठी साधारणपणे तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. सात लाखांच्या संस्थेनं त्याची घाई करू नये.

नववी पायरी: दुसरं वर्ष

वर्षअखेर एकच आकडा आधी पाहा: गेल्या हंगामात ज्यांनी दिलं, त्यांतल्या किती जणांनी यंदा पुन्हा दिलं? नवे दाते किती आले हा त्यानंतरचा प्रश्न. ९५ पैकी ६० परत आले तर तुमचं बरं चाललंय. ३० आले तर पावत्या वेळेवर गेल्या का, हिशोबाचं पान गेलं का, हे आधी तपासा.

हिशोबाचं पान एकाच बाजूला बसेल असं करा. वर जमा, खाली खर्च, शेजारी काय जमलं आणि काय जमलं नाही. तीन मुलं मध्येच फडावर गेली असतील तर तेही लिहा, कारणासकट. धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलीला नेलं, असं कळलं की पुढच्या वर्षी पाळणाघरासाठी पैसे देणारा दाता त्यातूनच पुढे येऊ शकतो.

जे परतले नाहीत, त्यांना कार्यकारिणीतल्या ओळखीच्या माणसानं फोन करायचा, पैशाचा विषय न काढता. घरी आजारपण असतं, नोकरी गेलेली असते, कधी पावतीवर नाव चुकलेलं असतं. कारण वहीत लिहा. दोन हंगाम काहीच आलं नाही तर त्यांना वर्षातून एकदा फक्त हिशोबाचं पान पाठवा. आणि ज्यानं 'मेसेज नको' म्हटलं, त्याचं नाव त्याच दिवशी यादीतून काढा.